रोमची गर्दी, आणि गर्दीच्या पलीकडचं रोम

रोमला निघालेल्या नाशिककरांना आधी हे सांगते: 'गर्दी काय, आपल्याला सवय आहे' या भरवशावर जाऊ नका. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला आपण तासन्‌तास रांगेत उभे राहतो, पण तिथे दर्शन एकाच देवाचं असतं. रोममध्ये सकाळपासून दहा ठिकाणं बोलावत असतात आणि दहाही ठिकाणी रांग असते. माझ्याबरोबर आई आणि मावशी होत्या, दोघीही साठीपुढच्या. त्यामुळे कुठे उभं राहायचं आणि काय सोडून द्यायचं, हे रोज ठरवावं लागलं.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) बोटांचे ठसे द्यायला आम्ही मुंबईला गेलो. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सुट्ट्यांच्या दिवसांत जाणार असाल तर लवकरच करा.

कोलोझिअमचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावर साधारण 30 दिवस आधी खुलं होतं, आणि चांगल्या वेळा बघता बघता संपतात. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, ते पासपोर्टप्रमाणेच घाला. बाहेर 'रांग नाही, लगेच आत' म्हणत फिरणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. कोलोझिअम इसवी सन 80 मध्ये खुलं झालं. आपल्या पांडवलेणीतले नहपान-गौतमीपुत्रांच्या काळातले लेख साधारण त्याच सुमाराचे. वरच्या मजल्यावरून खाली बघताना हे मनात आलं आणि त्या दगडांशी एकदम ओळख निघाली. त्याच तिकिटात शेजारचा फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि पॅलाटाइन टेकडीही येते. तिथे सावली फार कमी, म्हणून टोपी हवीच.

खरा वैताग आला तो व्हॅटिकनच्या संग्रहालयात. मायकेलअँजेलोच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिस्टीन चॅपेलपर्यंत पोचायला लांबच लांब दालनं पार करावी लागतात, आणि ती माणसांनी अशी गच्च भरलेली की भिंतीवरचं काही बघायला थांबलं की मागून लोंढा येतोच. चॅपेलमध्ये फोटोला बंदी आहे, पहारेकरी सारखे 'सिलेन्झिओ' (शांत राहा) ओरडत असतात. पण भिंतींना लागून बसायला जागा आहे. कुणी उठलं की पटकन बसा आणि मग मान वर करा. मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात रंगवलेलं ते छत उभ्याने, ढकलाढकलीत बघण्याजोगं नाहीच. मावशी बराच वेळ बसली होती. उठताना म्हणाली, "अगं, मान अवघडली, पण पोट नाही भरलं." महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथे प्रवेश फुकट असतो, त्या दिवशी मुळीच जाऊ नका, फुकटापायी अर्धा दिवस रांगेत जातो. शेजारच्या सेंट पीटर्स या मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आमच्या साड्या-ड्रेसना काही अडचण आली नाही. तिथे सकाळी सातच्या सुमाराला जा, पण बुधवार टाळा, त्या सकाळी पोपच्या दर्शनाला लोक लोटतात.

त्रेवीचं कारंजं दुपारी बघू नका. पाण्यापेक्षा हात वर करून धरलेले फोनच जास्त दिसतात, आणि काठाशी एका वेळी मोजकेच लोक सोडतात. आम्ही उजाडता उजाडता गेलो तेव्हा पाण्याचा आवाज चौकाच्या आधीच्या गल्लीतून ऐकू आला. दिवसा तो गलक्यात बुडून जातो. लोक टाकतात ती नाणी गोळा करून कॅरितास या सेवाभावी संस्थेला देतात, म्हणून आईने अगदी मनापासून एक टाकलं.

आता जे मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते. पँथिऑन या प्राचीन रोमन देवळापासून (त्याला 2023 पासून तिकीट लागतं) चालत पाच मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे. प्रवेश फुकट. आत डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात कॅराव्हाजो या जुन्या इटालियन चित्रकाराची तीन मोठी चित्रं आहेत. कोनाड्यात अंधार असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो. एका चित्रात काही माणसं टेबलाशी बसून पैसे मोजताहेत, उजवीकडून येशू आत आलाय, आणि त्याच्या डोक्यावरून उजेडाचा तिरका पट्टा थेट त्यांच्या चेहऱ्यांवर पडलाय. एक पोरगा मात्र मान खाली घालून नाणीच मोजतोय, त्याला कशाचाच पत्ता नाही. दिवा विझला, आम्ही पुन्हा नाणं टाकलं. सुटी नाणी जवळ ठेवा. छोटी चर्चं दुपारी बंद असतात, म्हणून सकाळी जा आणि दुपारी खोलीवर पाय पसरून झोपा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ही झोप अजिबात चुकवू नका.

दुसरं ठिकाण सान क्लेमेंते, कोलोझिअमपासून चालत. वर बाराव्या शतकातलं चर्च, जिना उतरलं की चौथ्या शतकातलं, आणि आणखी खाली पहिल्या शतकातल्या इमारती नि मिथ्र देवाचं देऊळ. तळाशी भिंतीआड वाहतं पाणी ऐकू येतं. खालच्या मजल्यांचं तिकीट आहे, पायऱ्या ओल्या असतात, मावशीचा हात धरूनच उतरलो.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यावर लोखंडी खांबासारखे नळ सतत वाहत असतात, पाणी थंडगार आणि पिण्याचं. तोटी खालून बोटाने दाबली की वरच्या बारीक भोकातून धार उडते, ओंजळ करावी लागत नाही. रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे, खडबडीत. चपला नकोत, जाड तळव्याचे बूट घ्या.

मेट्रोत आणि बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. टर्मिनी स्टेशन आणि व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस इथे पाकीटमारांपासून सांभाळा; पर्स पुढे, चेन लावलेली, पासपोर्ट आतल्या खिशात.

शाकाहारी असाल तर वजनावर मिळणारा पिझ्झा सोयीचा. बोटाने दाखवाल तेवढा कात्रीने कापून देतात. सुप्ली नावाचे तळलेले भाताचे गोळे दिसायला बटाटेवड्यांचे भाऊबंद, पण त्यात बहुधा मांसाचा रस्सा असतो, विचारूनच घ्या. कॉफी काउंटरशी उभ्याने प्या, टेबलाशी बसलं की भाव वाढतो. आणि थेपले-चटणी न्यायला लाजू नका, आमची दोन जेवणं त्यावरच निभावली.