यादीत न उतरलेले

आमच्याकडे लग्न ठरले की बैठक बसते आणि याद होते. कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचे, वर श्री लिहायचे आणि मंडप कोणाचा, जेवणावळ कोणाकडे, मानपानाच्या साड्या किती, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर उतरवून घ्यायचे. गेल्या महिन्यात जुळे सोलापुरात थोरल्या भावाच्या घरी माझ्या पुतणीची याद झाली. लेखनिक मीच होतो, कारण करसल्लागाराचे अक्षर बरे असते असा घरच्यांचा गैरसमज आहे. टॉवेल-टोपीचा आहेर किती जणांना द्यायचा, यावर वीस मिनिटे गेली. मुलाच्या डोक्यावर कर्ज किती, हे मात्र कोणीही विचारले नाही.

मुलाच्या घरचे पूर्व भागात टेरी टॉवेलचे यंत्रमाग आहेत आणि तो वडिलांबरोबर भागीदार आहे. पुतणी पुण्यात नोकरी करते. तिच्या नावावर एक फ्लॅट असून त्याचे हप्ते अजून बरेच फिटायचे आहेत. पाहुणे गेल्यावर मी विवाहपूर्व कराराचा विषय काढला, तेव्हा भाऊ चांगलाच वैतागला. "अरे, अजून अक्षता पडल्या नाहीत आणि तू काडीमोडाचं बोलतोस?" मी म्हटले, "दादा, आपल्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षतासुद्धा संमती कट्ट्यावर संमतीचं वाचन झाल्याशिवाय पडत नाहीत." त्याला ते पटले नाही, पण तो ऐकू लागला.

असा करार म्हणजे घटस्फोटाची आगाऊ तयारी, हा समज मला अपुरा वाटतो. माझ्या अनुभवात त्याची खरी गरज संसार नीट चालू असतानाच पडते. धंद्यासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलायचे बँकेचे कर्ज, घेताना बायकोला जामीनदार म्हणून सही करायला सांगतात. ती स्वयंपाकघरातून हात पुसत येते, पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी सह्या करते आणि परत जाते. जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते, हे तिला पहिल्यांदा कळते ते नोटीस आल्यावर. माझ्याकडे अशी एक फाईल आली होती. नवरा-बायकोत भांडण असे काहीच नव्हते, त्या बाईंचे म्हणणे एवढेच होते की, "मला आधी कुणी सांगितलं असतं तर!"

कायद्याची मर्यादाही सांगायला हवी. हिंदू विवाहासाठी अशा कराराचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो, त्यामुळे 'पुढे पोटगी मागणार नाही' असे लिहून घेतले तरी न्यायालय ते मानत नाही. शेजारच्या गोव्यात स्थिती वेगळी आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे पती-पत्नीची मालमत्ता एरवी सामाईक धरली जाते, आणि तसे नको असेल तर लग्नाआधीच रीतसर करार करावा लागतो. आपल्याकडे ज्याच्या नावावर त्याची मालमत्ता, हा साधा नियम आहे. पण फ्लॅट पुतणीचा आणि लग्नानंतरचे हप्ते जावयाच्या खात्यातून, असे दहा वर्षे चालले की साधा नियमही गुंतागुंतीचा होतो. त्या वेळी दोघांच्या सहीचा जुना कागद हुकूमनामा ठरणार नाही. मात्र दोघांनी तेव्हा काय ठरवले होते, याचा पुरावा म्हणून तो पुढे ठेवता येतो.

दागिन्यांचे तर कायद्यानेच सांगून ठेवले आहे. हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत, आणि त्यांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी लेखी हवी. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. इतक्या लग्नांत जेवलो, पण अशी यादी मी एकदाही पाहिलेली नाही. आहेराच्या वहीत पाकिटातल्या रकमा मात्र रुपयाच्या हिशेबाने असतात.

शेवटी पुतणीनेच मुलाला फोन केला. त्याने कर्जाचा आकडा न लपवता सांगितला. तो आम्ही धरला होता त्याहून मोठा होता. व्याही आधी दुखावले, "आमच्यावर विश्वास नाही का?" असेही म्हणाले, पण मुलगा ठाम राहिला. दीड पानाचा मसुदा झाला आहे. फ्लॅट आणि त्याचे हप्ते तिचे, मागांचे कर्ज त्याचे, घरखर्च कमाईच्या प्रमाणात, आणि १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली त्याने विमा घ्यायचा, म्हणजे त्या रकमेवर सावकारांचा हात पोहोचणार नाही. एका कलमावर मात्र अजून घोडे अडले आहे. ती कोणत्याही कर्जाला जामीन राहणार नाही, असे तिला हवे आहे. व्याह्यांचे म्हणणे, बँक सून म्हणून तिची सही मागणारच. दोघांनीही आपापला स्वतंत्र वकील करावा, असे मी सुचवले आहे. तिचे वकील बुधवारी भेटणार आहेत.