पलंगाखाली मावणारी रेल्वे: जर्मनीतला हिवाळी छंद

नोव्हेंबर उजाडला की जर्मनीत साडेचार-पाचलाच काळोख पडतो. मग माळ्यावरची खोकी खाली येतात आणि नाताळच्या झाडाभोवती छोटी रेल्वे धावू लागते. पुण्यातलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही ओढ समजावून सांगायला नको. ग्योपिंगन गावच्या मॅर्कलिन कंपनीची सुरुवात 1859 ची. तिथे पुढे 1935 मध्ये निघालेली छोट्या मापाची गाडी आज एच-झिरो नावाने ओळखली जाते: प्रमाण 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत सर्वांत जास्त दिसते ती हीच.

इथे भाड्याच्या घरात मुलाबाळांसह राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी या छंदात एक नियम पाळावा. जी मांडणी पंधरा मिनिटांत उचलून ठेवता येत नाही, ती बांधू नये. पाहुणे येतात, आई-बाबा भारतातून दोन-तीन महिन्यांसाठी येतात, घर बदलतं. इमारतीच्या तळघरातली खोली मोकळी असते खरी, पण अनेक जुन्या तळघरांत ओल असते. तिथे प्लायवूड वाकतं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी धरते. संग्राहकांच्या बाजारात मूळ खोक्यालाही किंमत असते, म्हणून गाड्या राहत्या घरातच ठेवाव्यात.

मापं अशी. मॅर्कलिनच्या सी-रुळांचं, म्हणजे प्लॅस्टिकच्या पायावर बसवलेल्या रुळांचं, सर्वांत लहान नेहमीचं वळण 360 मिलिमीटर त्रिज्येचं. तीस अंशांचे बारा तुकडे जोडले की वर्तुळ पूर्ण होतं, आणि प्लॅस्टिकच्या पायासकट त्याची रुंदी साधारण 76 सेंटिमीटर भरते. दोन्ही बाजूंना 188.3 मिलिमीटरचे दोन-दोन सरळ तुकडे घातले की लांबी 114 सेंटिमीटरच्या आसपास जाते. त्यासाठी 90 बाय 130 सेंटिमीटरची, 10 मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी पुरते. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात ती मापाने कापून मिळते, वजन सहा ते आठ किलो, आणि मोठ्या पलंगाखाली सहज सरकते. कडेला पाच सेंटिमीटर उंचीची पट्टी मात्र लावाच. मॅर्कलिनची बरीच इंजिनं ओतीव धातूची, जड असतात; टेबलावरून पडलेल्या इंजिनाच्या पायऱ्या आणि बफर तुटतात, ते पुन्हा नीट बसत नाहीत.

फळी नको असेल तर सी-रूळ जमिनीवरही जोडता येतात, पण गालिच्यावर नको. गालिच्याचे धागे आसाभोवती आणि दातेरी चाकांत गुंडाळले जातात, आणि इंजिन हळूहळू जड चालू लागतं. रूळ सोडवताना सरळ रेषेत ओढावेत. पिळून काढले की जोडाच्या पट्ट्या वाकतात, वीज नीट पोचत नाही आणि गाडी लांबच्या टोकाला मंदावते.

खरेदीतली सर्वांत मोठी चूक दोन पद्धतींची सरमिसळ. मॅर्कलिनची एच-झिरो गाडी रुळांच्या मधोमध असलेल्या ठिपक्यांवरून वीज घेते. रोको, फ्लाइशमान, ट्रिक्स यांच्या नेहमीच्या गाड्या दोन रुळांवरून. रोकोसारख्या कंपन्या एकच इंजिन दोन्ही रूपांत विकतात, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. इंजिन उलटं करून पाहा: पोटाखाली लांब, चपटी धातूची पट्टी असेल तर ते तीन-वाहक, म्हणजे मॅर्कलिनच्या पद्धतीच्या रुळांचं. मॅर्कलिनचे डबे दोन रुळांच्या मांडणीवर ठेवले तर सलग धातूच्या आसामुळे शॉर्ट सर्किट होतं.

जुने, निळ्या पत्र्याचे 220 व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर स्वस्तात दिसतात. ते घेऊ नका. आता घरात 230 व्होल्ट येतात, त्यामुळे त्यांतून बाहेर पडणारा विजेचा दाबही वाढतो. दिशा बदलण्यासाठी दिलेल्या जास्त दाबाच्या झटक्याने नव्या इंजिनातलं डिजिटल सर्किट जळू शकतं. शिवाय वायरींचं आवरण जुनं, तडकलेलं असतं, आणि घरात मुलं असतात.

हा छंद खरा रुजतो तो जुनं इंजिन पुन्हा चालू करताना. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या इंजिनात तेल घट्ट होऊन डिंकासारखं चिकटतं. वीज दिली की ते गुणगुणतं, तापतं, पण हलत नाही. अशा वेळी जास्त वीज देऊ नये, गुंडाळी जळते. स्क्रू काढून आवरण उचला, चाकांचा आणि दात्यांचा जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने काढा, पूर्ण वाळू द्या. प्लॅस्टिकवर आणि रंगवलेल्या अक्षरांवर ते लागू देऊ नका. जुन्या मोटरीत दोन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) असतात, बऱ्याचदा एक कार्बनचा आणि एक तांब्याच्या जाळीचा. झिजलेले बदला, पण एकाच्या जागी दुसरा घालू नका. मग सुईच्या टोकावर मावेल एवढा एकच थेंब प्रत्येक बेअरिंगला. इथे हात सैल सुटला की तेल ब्रशवर पोचतं, ठिणग्या उडतात, आणि चाकांवरच्या रबरी कड्या तेलकट होऊन इंजिन जागच्या जागी फिरतं. रूळ आणि चाकं सँडपेपरने घासू नका, चरे पडले की घाण जास्तच धरते.

हे काम एका ट्रेमध्ये मावतं आणि त्याचा आवाज होत नाही, म्हणून मुलं झोपल्यावरची चाळीस मिनिटं त्याला द्यावीत. ड्रिल आणि करवत मात्र शनिवारी दिवसा. रविवारी आणि रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, शेजारी लगेच बोलतात. सी-रूळ पोकळ असल्यामुळे लाकडावर बरेच घरघरतात. खाली तीन-चार मिलिमीटर बुचाचा थर द्या आणि स्क्रू गच्च आवळू नका, नाहीतर आवाज स्क्रूमधूनच फळीत उतरतो.

गाडी चालवायची वेळ रविवार दुपारची, सगळ्यांनी मिळून. मुलांच्या हाती सुरुवातीला जुने पत्र्याचे मालडबे द्यावेत. ते दणकट असतात आणि जोडण्या-सोडवण्यात मुलं रमतात. तीन वर्षांखालचं मूल असेल तर सुट्या रबरी कड्या, स्क्रू आणि मण्यांएवढी खेळण्यातली माणसं झाकणाच्या डबीत, उंच फडताळावर.

कायमचं भारतात परतताना नव्या संचाच्या विजेची अडचण येत नाही, दाब तोच, 50 हर्ट्झ तेच. फक्त प्लग बसतो का ते पाहा. जुने पत्र्याचे एम-रूळ मात्र कोकणात किंवा मुंबईत नेण्याआधी विचार करा. पावसाळ्यात ते गंजतात. न्यायचेच तर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून.