चार तारे आणि एक चुकलेलं संबोधन

स्कॉटलंडमध्ये घडणारी, आजच्या काळातली प्रेमकादंबरी वाचून झाली की आपल्याकडच्या वाचकमंडळात ठरलेली चार मतं येतात. नायक फार घुम्या आहे. पहिली पन्नास पानं हलत नाहीत. ऐन वेळी बोट दर वेळी कशी काय बंद पडते? आणि हे मध्येच कुठलं इंग्रजी? पहिलं मत बहुधा खरं असतं, दुसरं पुस्तकागणिक बदलतं, तिसरं सपशेल चूक. चौथ्यावर बोलायचा अधिकार मात्र बेळगाव-खानापूर-निपाणीच्या वाचकाइतका पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

या कादंबऱ्यांत एक नाही, तीन भाषा वावरतात. एक साधी इंग्रजी, फक्त स्कॉटिश हेलाची. दुसरी स्कॉट्स, म्हणजे इंग्रजीची सख्खी बहीण. ‘आय’ म्हणजे होय, ‘वी’ म्हणजे चिमुकलं, ‘बेर्न’ म्हणजे पोर, ‘डिन्ने’ म्हणजे नको किंवा करत नाही. तिसरी गेलिक. ती आयरिशच्या घरातली, इंग्रजी कितीही चांगली येत असली तरी कानाला एक शब्द लागणार नाही. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या जेमतेम अडीच टक्के लोकांना गेलिक थोडीफार येत होती. बाह्य हेब्रिडीज बेटांवर मात्र हे प्रमाण निम्म्याच्या वर जातं. त्यामुळे ग्लासगोत वाढलेला अग्निशमन दलाचा जवान प्रेमात आल्याबरोबर गेलिक कुजबुजायला लागला, तर ‘ही कुठून आली?’ हा प्रश्न वाचकानं विचारायलाच हवा. आजी बाह्य हेब्रिडीजमधल्या लुईस बेटावरची होती, किंवा तो शहरातल्या गेलिक शाळेत शिकला, एवढं एक वाक्य पुरतं. ते नसेल तर ती भाषा नव्हे, अत्तर आहे.

स्कॉट्समध्येही गावागावाचा फरक आहे. ‘केन’, म्हणजे ठाऊक असणं, हे एडिंबरा, फाइफ आणि ईशान्येकडे सर्रास ऐकू येतं. अस्सल ग्लासगोकराच्या तोंडी फारसं नाही. ॲबरडीनकडे ‘कसं काय?’ला ‘फिट लाइक?’ म्हणतात, पोराला ‘लून’ आणि पोरीला ‘क्वाइन’. लेखिकेनं ग्लासगोच्या नायकाला दर दोन वाक्यांत ‘केन’ म्हणायला लावलं, तर निपाणीच्या पात्रानं ‘काय करूलास?’ विचारल्यासारखं होतं. बेळगाव-चंदगडकडच्या कानाला तो घोटाळा लगेच कळतो. आपल्याकडची मुलगी घरात सहज ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणते, आणि छापताना पुण्याचा मुद्रितशोधक ते ‘आले, जेवले’ करून टाकतो. स्कॉट्स संवादांवर नेमकी हीच कात्री चालते. लंडनच्या प्रकाशकाला वाचक अडखळेल अशी भीती वाटते, म्हणून ‘लॅस’ (पोरगी) आणि ‘वी’ राहतात, बाकीचं धुऊन निघतं. ‘लॅस’ दर पानावर दिसला आणि दुसरा एकही स्कॉट्स शब्द नसला, तर ती भाषा पर्यटकांच्या दुकानातून आणलेली समजावी.

सगळ्यात मजेशीर चूक गेलिकच्या संबोधनात होते. हाक मारताना गेलिकमध्ये नावाआधी ‘अ’ लागतो, नावाचं पहिलं व्यंजन मऊ पडतं आणि पुरुषाच्या नावाचा शेवटही बदलतो. शेमसला हाक मारायची तर ‘अ हेमिश’. इंग्रजी कानांनी ती हाकच नाव म्हणून उचलली आणि जगाला हेमिश मिळाला. मारीला हाक मारताना ‘अ वारी’, त्यातून वारी हेही नाव झालं. आता प्रेमाचा शब्द घ्या. ‘माझं प्रेम’ हे ‘मो ग़्राग़’. लाडानं हाक मारायची तर ‘अ ग़्राय’. कादंबऱ्यांत मात्र दोन्हींची खिचडी होऊन ‘मो ग़्राय’ छापलं जातं. ‘माझं बाळ’ आणि ‘बाळा’ यांचं मिळून कुणी ‘माझं बाळा’ करावं तसं. चुंबनाच्या प्रसंगी हे वाचून लुईसवरच्या स्टॉर्नोवे गावचा वाचक हसत असणार. एवढ्यावरून पुस्तकाला दिलेल्या चार ताऱ्यांतला एक कापावा का? एकदा झाली तर नाही. पण नायक बेटावरचा, गेलिकमध्ये वाढलेला दाखवला असेल आणि तीनशे पानांत तोच एक चुकीचा शब्द दहादा येत असेल, तर खुशाल कापावा.

‘भाषा कळली नाही’ हे मत कुणाच्याच कामाचं नाही. त्याऐवजी तीन संवाद शोधून पानांचे आकडे टिपावेत: नायक आईशी बोलतो तो, बाहेरून आलेल्या माणसाशी बोलतो तो, आणि भांडणातला. घरात मराठी, बस स्टँडवर कन्नड, बँकेत निम्मी इंग्रजी असा ज्यांचा दिवस जातो, त्यांना भाषा कुठे पालटते हे वेगळं शिकवावं लागत नाही. चांगल्या कादंबरीत नायक रागात किंवा हळवा झाला की स्कॉट्सकडे वळतो आणि डॉक्टरसमोर सावरून इंग्रजीत येतो. वाईट कादंबरीत तो तिघांशीही एकाच सुरात बोलतो. अडलेल्या शब्दांसाठी ‘डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ हा कोश इंटरनेटवर फुकट आहे. पण पहिल्या चाळीस पानांत वीस-पंचवीसपेक्षा जास्त शब्द कोशात काढू नयेत. बाकीचे संदर्भानं उलगडतात. दर ओळीला कोश उघडणाऱ्यालाच पुढे ‘पन्नास पानं हलत नाहीत’ असं वाटतं.

दुसरी दुखरी जागा जमीन. निम्म्याहून जास्त गोष्टींची सुरुवात सारखीच: लंडनमधली नायिका, नोकरी गेलेली, आजोबांनी मागे ठेवलेला क्रॉफ्ट. आपले वाचक क्रॉफ्ट म्हणजे टुमदार घर समजतात. क्रॉफ्ट म्हणजे जमिनीचा तुकडा, आणि क्रॉफ्टर म्हणजे बहुतेक वेळा कूळ. हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली गेली, पुढे १८८२ मध्ये स्काय बेटावर कुळं आणि पोलीस यांची झटापट झाली, आणि १८८६ च्या कायद्यानं कुळाला हुसकावता येणार नाही, खंड वाजवी राहील, हक्क वारसाकडे जाईल, हे ठरलं. जमीन विकत घ्यायचा हक्क १९७६ मध्ये मिळाला, किंमत वार्षिक खंडाच्या १५ पट. कर्नाटकात कुळांकडच्या जमिनी सरकारजमा होऊन कुळांना मिळण्याची तारीख १ मार्च १९७४. म्हणजे दोन वर्षांचं अंतर! ज्यांच्या घरात कूळकायद्याचे कागद अजून ट्रंकेत आहेत, त्यांना हायलँडचा म्हातारा लेअर्ड आणि त्याच्या जमिनीवरचं कूळ यांच्यातला ताण समजायला तळटीप लागू नये. (लेअर्ड म्हणजे जमीनदार, सरदार नव्हे. मराठी वाचक हटकून त्याला राजघराण्यात बसवतात.)

क्रॉफ्टरवर बंधनंही आहेत. त्यानं क्रॉफ्टवर किंवा ३२ किलोमीटरच्या आत राहायला हवं, जमीन कसायला किंवा दुसऱ्या उपयुक्त कामात आणायला हवी, पडीक टाकता येत नाही. त्यामुळे ‘नायिका शहर सोडून तिथं का राहते, पटत नाही’ हे मत देण्याआधी कायदाच तिला राहायला लावतो का, हे पाहावं. उलट तिनं तिसऱ्या प्रकरणात क्रॉफ्टवरचं घर दलालाकडे विकायला टाकलं आणि कुठे अडलं नाही, तर लेखिकेनं अभ्यास केलेला नाही. घराखालची जागा क्रॉफ्टमधून मोकळी करून घेतल्याशिवाय बँका सहसा कर्ज देत नाहीत, मग गिऱ्हाईक कुठून येणार? आणि एडिंबराच्या उपनगरात क्रॉफ्ट दाखवला असेल तर पुस्तक मिटलं तरी चालेल. क्रॉफ्ट हा हायलँड्स आणि बेटांवरचा प्रकार.

मृत्युपत्राचंही तसंच. ‘आजोबांनी सगळं नातीला दिलं, मुलाला दमडी नाही’ हे नाट्य स्कॉटिश कायद्यात अर्धवटच चालतं. मृत्युपत्र काहीही म्हणो, रोख, शेअर, गाडी, जनावरं अशा जंगम मालमत्तेत मुलांचा हक्क राहतो: आई मागे नसेल तर निम्मा, असेल तर एक तृतीयांश. घर आणि जमीन त्यात येत नाही. खलनायक काकाला लेखिकेनं हा हक्क मागायला लावला असेल, तर तिला पूर्ण गुण द्यावेत. अशी लेखिका क्वचितच भेटते.

बोटीबद्दल. ‘कथेच्या सोयीसाठी बोट रद्द होते’ हा आपल्याकडचा आवडता टोमणा. हिवाळ्यात अटलांटिकचे वारे आणि वय झालेल्या बोटी यांमुळे फेऱ्या रद्द होणं ही पश्चिम बेटांची रोजची रड आहे. ॲरन बेटासाठी २०१८ मध्ये यायची ‘ग्लेन सॅनक्स’ बोट प्रत्यक्ष फेऱ्या मारायला लागली २०२५ च्या जानेवारीत. तेव्हा बोट बंद पडली म्हणून लेखिकेला दोष देऊ नका. दोष द्यायचा तो स्कायला जायला बोटीशिवाय मार्गच नाही असं लिहिणारीला, कारण तिथं १९९५ पासून पूल आहे. किंवा स्टॉर्नोवेहून जुन्या काळात रविवारी बोट सोडणारीला. रविवारी कामधंदा आणि प्रवास टाळायच्या तिथल्या कडक धार्मिक रिवाजामुळे नियमित रविवारची फेरी २००९ च्या जुलैत सुरू झाली.

हवामानात तर आपण उगीच भाव खातो. ‘सारखा पाऊस, कंटाळा आला’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की एडिंबरात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगावात त्याहून बराच जास्त, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. ओला आहे तो पश्चिम किनारा. खरी चूक उजेडात सापडते. इन्व्हरनेसला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री सव्वादहानंतर मावळतो आणि पुरता अंधार होतच नाही. आपला सर्वांत मोठा दिवस जेमतेम १३ तासांचा, त्यांचा १८ तासांचा. जूनमध्ये रात्री नऊला ताऱ्यांखाली प्रेमाची कबुली? अशक्य. तसंच जुलैतली वारा पडलेली संध्याकाळ, तळ्याकाठ, चादर आणि निवांत प्रणय. पश्चिम हायलँड्समध्ये अशा वेळी मिजेस, म्हणजे चावणारी चिलटं, ढगासारखी उठतात आणि माणसं पळत घरात शिरतात. ज्या कादंबरीत नायक-नायिका चिलटांमुळे उठून पळतात, ती लेखिका तिथं राहून आली आहे.

किल्टवर, म्हणजे पुरुष नेसतात त्या निऱ्यांच्या घागऱ्यासारख्या वस्त्रावर, जास्त बोलत नाही. पूर्ण किल्टला परंपरेनं आठ यार्ड कापड लागतं, आपल्या नऊवारीपेक्षा एकच कमी. शहापूर-वडगावच्या विणकरांना निऱ्यांचा हिशेब सांगायला नको. तो लग्नाकार्यात नेसतात. मेंढ्या हाकताना किल्ट घातलेला नायक मुखपृष्ठावर शोभतो, आत नाही. लग्नावरून आठवलं: ‘येत्या शनिवारी लग्न करू’ हे तिथं जमत नाही. दोघांनीही निबंधकाकडे किमान २९ दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि दोन साक्षीदार सोळा वर्षं पुरी झालेले लागतात.

आता ताटातूट. या प्रकारच्या कथेची चौकट ठरलेली आहे: भेट पहिल्या दहाव्या हिश्शात, ओढ मध्यावर, ताटातूट तीन चतुर्थांशानंतर, मग मीलन. ३२० पानांच्या पुस्तकात भेट पान ३० च्या आत आणि ताटातूट २४० ते २५५ च्या दरम्यान यायला हवी. ती २९० वर आली की शेवट घाईत उरकतो, आणि ‘शेवट गुंडाळला’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा हेच असतं. कारणही तपासावं. एका फोननं मिटेल असा गैरसमज असेल तर ती कमजोरी, दरीत रेंज नाही ही सबब एकदाच चालते. जमीन, भाषा, म्हाताऱ्या आईला सोडून जायचं की नाही, अशा फोननं न मिटणाऱ्या गोष्टीवरून फाटलं असेल, तर नायकाचा घुमेपणाही सोसवतो.

मंडळात चर्चा करताना एक गोष्ट हमखास बिघडते. पहिला बोलणारा ‘सुंदर!’ म्हणाला की उरलेले सात-आठ जण मान डोलावतात, विशेषतः तो बोलणारा कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात व्यासपीठावर बसणारा असेल तर. म्हणून तोंड उघडण्याआधी प्रत्येकानं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी लिहाव्यात: तीन संवादांची पानं, जमीन कुणाची आणि कुणाकडे गेली, ताटातुटीचं पान, तिचं कारण एका वाक्यात, आणि सर्वांत शेवटी तारे. तारे आधी लिहिले की बाकीच्या ओळी त्यांची वकिली करायला लागतात. दीड तासाच्या बैठकीत पहिली वीस मिनिटं नुसती कार्डं वाचावीत, वाद नंतर. दुसऱ्यांची मतं वाचून पुस्तक निवडायचं तर पाच ताऱ्यांची आणि एका ताऱ्याची सोडून तीन ताऱ्यांची आधी वाचावीत. काय जमलं आणि काय फसलं हे त्याच वाचकांनी मोजलेलं असतं.

कार्ड पुस्तकातच राहू द्यावं, पुढच्या वाचकाच्या उपयोगी पडतं. पण त्यावर ताटातुटीचं कारण लिहिलेलं असतं, म्हणून ते मागच्या पुठ्ठ्यात खोचावं, पुढच्या नाही.