इब्रॉक्सचा तेरा नंबरचा जिना

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, 1896 मध्ये सुरू झाली आणि आजही ती एकाच वर्तुळावर फिरते. क्लाइड नदीच्या दक्षिणेला, गोव्हन भागात, त्या वर्तुळावर इब्रॉक्स नावाचं स्टेशन लागतं. 1971 मध्ये त्याचं नाव कोपलंड रोड होतं. रेंजर्स या फुटबॉल क्लबचं इब्रॉक्स मैदान तिथून चालत अगदी थोड्या मिनिटांवर आहे. स्टेशन इतकं जवळ आहे हे लक्षात ठेवा, पुढच्या हकिगतीत त्याला महत्त्व आहे.

मी गेलो त्या दिवशी सामना नव्हता. एडमिस्टन ड्राइव्ह या रस्त्यावर आलं की लाल विटांचा लांबलचक दर्शनी भाग समोर येतो. हा मुख्य स्टँड 1 जानेवारी 1929 रोजी खुला झाला, आणि आज तो संरक्षित वारसा-इमारत आहे. आर्किबाल्ड लीच या ग्लासगोच्याच अभियंत्यानं तो बांधला. त्यानं ब्रिटनमधल्या वीसहून अधिक मैदानांवर काम केलं. अॅनफिल्ड, गुडिसन पार्क, व्हिला पार्क ही त्यातली काही. कमानीच्या खिडक्या आणि भारदस्त विटकाम पाहून एखाद्या जुन्या टाउन हॉलसमोर उभं असल्यासारखं वाटतं. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप फुटबॉलचे सामने पाहिले, तेव्हापासून मला मैदानांच्या इमारतींचं वेड आहे. ही इमारत मी सगळ्या बाजूंनी पाहिली आणि मला ती मनापासून आवडली.

पण मी आलो होतो कोपऱ्यावरच्या स्मारकासाठी. विटांच्या चौथऱ्यावर जॉन ग्रेगचा पुतळा आहे. 2 जानेवारी 1971 ला, इथल्या सगळ्यात मोठ्या दुर्घटनेच्या दिवशी, तो रेंजर्सचा कर्णधार होता. पुतळा बरोबर तीस वर्षांनी, 2 जानेवारी 2001 ला उभारला गेला. खाली निळ्या फलकांवर नावं कोरलेली आहेत, आणि ती एका दुर्घटनेची नाहीत. 1902, 1961 आणि 1971 अशा तीन सालांची आहेत. मी वाचत गेलो आणि पुढे जाऊच शकलो नाही. एकाच मैदानावर तीनदा?

1902 ची गोष्ट वेगळी होती. 5 एप्रिलला स्कॉटलंड आणि इंग्लंडचा सामना होता. लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या टाकून उंच पायऱ्या केलेल्या होत्या. गर्दीच्या भारानं फळ्या मोडल्या आणि माणसं त्या भगदाडातून खाली कोसळली. 25 जण गेले, पाचशेहून अधिक जखमी झाले, आणि तरीही सामना पूर्ण खेळवला गेला. त्या बांधकामाचा आराखडाही लीचचाच होता. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा उंच लाकडी पायऱ्या मागे पडल्या आणि मातीचे भक्कम भराव घालून त्यांवर पायऱ्या करायची पद्धत आली. गर्दीचा रेटा अडवणाऱ्या कठड्यांचं पेटंटही लीचनं घेतलं. त्या दिवशी तो स्वतः मैदानावर हजर होता. पुढच्या प्रत्येक मैदानाचा नकाशा काढताना त्याच्या मनात काय येत असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

भराव भक्कम होते, पण भरावावरून खाली उतरायला जिने लागतात. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या जिन्याचा नंबर तेरा. तो केर्नली ड्राइव्हकडे उतरायचा आणि सबवे स्टेशनकडे जायची ती सगळ्यात सोयीची वाट होती. त्यामुळे सामना संपला की हजारो लोक त्याच जिन्याकडे वळायचे. जिना उभा चढाचा, मधल्या लोखंडी कठड्यांनी सात वाटांत विभागलेला, आणि दोन्ही अंगांना लाकडी कुंपण. एकदा त्यात शिरलं की बाजूला निघायला जागाच नाही.

फलकांपाशी सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ नातवाबरोबर उभे होते. मी नावं वाचतोय हे पाहून ते आपणहून बोलायला लागले. 1971 मध्ये ते शाळकरी होते. ‘त्या जिन्यावर पाय टेकवावेच लागायचे नाहीत,’ ते म्हणाले. ‘गर्दीच तुम्हाला उचलून खाली न्यायची. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची.’ त्या दिवशी ते दुसऱ्या टोकाच्या दारातून बाहेर पडले. काय घडलं ते त्यांना घरी पोचल्यावर रेडिओवरून कळलं. आई दारात उभी होती, आणि शेजारच्या दारातली बाई अजून वाट पाहत होती. एवढं सांगून ते थांबले, आणि मीही पुढचं विचारलं नाही.

सामना ग्लासगोच्याच सेल्टिक क्लबशी होता, नव्या वर्षातली ठरलेली लढत. मैदानात ऐंशी हजारांच्या आसपास माणसं होती. शेवटच्या मिनिटांत सेल्टिकच्या जिमी जॉनस्टननं गोल केला आणि अगदी अखेरच्या क्षणी रेंजर्सच्या कॉलिन स्टाइननं बरोबरी साधली. पुढे कित्येक वर्षं जगभर एकच कथा सांगितली गेली: निराश होऊन निघालेले प्रेक्षक स्टाइनच्या गोलचा जल्लोष ऐकून जिन्यावरून उलटे फिरले, वर येणारे आणि खाली जाणारे एकमेकांवर आदळले. मीही लहानपणी हेच वाचलं होतं.

ती कथा खरी नाही. चौकशीत स्पष्ट झालं की चेंगराचेंगरी सामना संपल्याची शिट्टी वाजून गेल्यानंतर काही मिनिटांनी झाली, आणि सगळे एकाच दिशेनं, खाली, चालले होते. जिन्यावर कुणीतरी पडलं, मागचे त्यांच्यावर पडले, आणि वरून येणाऱ्यांना खाली काय झालंय हे दिसतच नव्हतं. 66 जण गेले. बहुतेकांचा श्वास कोंडला. त्या दिवसाच्या छायाचित्रांत जिन्याचे पोलादी कठडे पार वाकलेले दिसतात. मृतांमध्ये शाळकरी पोरं किती तरी होती. फाइफमधल्या मार्किंच या लहानशा गावातली पाच मुलं एकत्र सामना पाहायला आली होती, त्यांतलं एकही परत गेलं नाही.

आणि या जिन्यानं आधी इशारे दिले नव्हते असंही नाही. 1961 मध्ये तिथेच दोघांचा जीव गेला. 1967 आणि 1969 मध्ये पुन्हा माणसं पडली, जखमी झाली. दुरुस्त्या झाल्या, पण जिन्याचा उतार, त्याची कोंडी आणि त्यावर येणारा लोंढा तसाच राहिला. 1974 मध्ये शेरीफ न्यायालयानं, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयानं, नुकसानभरपाईच्या दाव्यात क्लबला दोषी धरलं. पण उलट फिरलेल्या प्रेक्षकांची कथा मात्र टिकली, कारण तिच्यात दोष गर्दीचा ठरतो. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे 97 चाहते दगावले, तेव्हाही आधी बोट चाहत्यांकडेच दाखवलं गेलं. मेलेल्या माणसावर खापर फोडण्याचा हा प्रकार मला सहन होत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला जिना, पूल आणि गर्दी यांविषयी वेगळं सांगायला नको. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर 23 जण चेंगरून गेले. तो पूल अपुरा पडतोय हे रोज तिथून जाणारा प्रत्येक जण वर्षानुवर्षं सांगत होता. इब्रॉक्सच्या फलकांसमोर मला सारखा तोच पूल आठवत होता.

1971 नंतर बदल झाले, हेही सांगायला हवं. मैदानांच्या सुरक्षेवर न्यायाधीश लॉर्ड व्हीटली यांचा अहवाल 1972 मध्ये आला आणि 1975 मध्ये त्याचा कायदा झाला. रेंजर्सचे व्यवस्थापक विली वॉडेल यांनी प्रत्येक अंत्यविधीला क्लबचा माणूस जाईल असं पाहिलं, आणि नंतर मैदान नव्यानं बांधायचा ध्यास घेतला. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या वेस्टफालन स्टेडियमचा आदर्श समोर ठेवून 1981 पर्यंत तीन बाजूंना बसायच्या जागा असलेले नवे स्टँड उभे राहिले. जुने भराव गेले, तेरा नंबरचा जिनाही गेला. लीचचा विटांचा स्टँड तेवढा राहिला. आतला संगमरवरी जिना मार्गदर्शकासह पाहता येतो. तो देखणा आहे, पण माझं लक्ष त्यात लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी शहराच्या दक्षिणेलाच असलेल्या हॅम्डन पार्कला गेलो. तिथलं फुटबॉल संग्रहालय उत्तम आहे, सवड काढून पाहा. 27 जानेवारी 1971 ला याच हॅम्डनवर मृतांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी सामना झाला. एका बाजूला स्कॉटलंडचा संघ, दुसऱ्या बाजूला रेंजर्स आणि सेल्टिकचे खेळाडू मिळून एक संघ, आणि त्यांच्या जोडीला पाहुणे म्हणून मँचेस्टर युनायटेडचे जॉर्ज बेस्ट आणि बॉबी चार्लटन. दुर्घटनेनंतर महिनाही झाला नव्हता, आणि 81,405 लोक तिकीट काढून आले होते.