उन्हातली ८ तासांची चढाई आणि पाण्याचा हिशेब

सकाळी ६ ला पायथ्याशी हवा २४ अंश, दुपारी १ ला उघड्या कातळावर ३७. येऊन-जाऊन १४ किलोमीटर, चढ ९०० मीटर. वाट सोपी आहे. कस लागतो तो शरीराचा, म्हणून लिहायचं ते त्याबद्दलच.

पहिले दोन तास झाडीतले, आणि फसगत तिथेच होते. सावली असली तरी हवा दमट आणि कोंदलेली. घाम वाळला तरच शरीर थंड होतं; १ लिटर घाम वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतो, टपकलेला थेंब मात्र पाणी आणि मीठ घेऊन फुकट जातो. चालताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त भागाची उष्णताच होते. त्यामुळे इथे वेग कमी करणं हाच खरा उपाय.

कातळावर गणित बदलतं. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की ती उलट शरीरालाच तापवते आणि भिस्त एकट्या घामावर राहते. कोरड्या वाऱ्यात तो लगेच उडतो, अंग कोरडंच लागतं आणि ‘घाम येत नाहीये’ असं वाटतं. शर्टावरचे मिठाचे पांढरे डाग खरं सांगतात. सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगावरच ठेवा.

एकाचा हिशेब असा : निघताना वजन ६८.० किलो, परतल्यावर ६६.९. पाणी प्यायलं ४.२ लिटर, खाणं ०.४ किलो, लघवी ०.५ लिटर. म्हणजे घाम आणि श्वासावाटे ५.२ लिटर गेलं, तासाला ०.६५. घट १.६ टक्के, २ टक्क्यांच्या आत राहिली की ठीक. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, म्हणून आधी घराजवळ तासभर चालून स्वतःचा काढा.

दर २० मिनिटांनी १५०-२०० मिली पुरतं. भीतीपोटी लिटरमागून लिटर पिऊ नका. मूत्रपिंडं तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकतात, आणि श्रमात व्हॅसोप्रेसिन (शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक) वाढलेलं असलं तर त्याहून कमी. जास्तीचं पाणी अंगात साठून रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. हे पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं, म्हणून आणखी पाजलं जातं आणि जीवावर बेतू शकतं. निघतानापेक्षा वजन वाढलं असेल तर साधं पाणी थांबवा. सोबत जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. नसतील तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

माथ्यावर पोचताच थबकू नका. रक्त त्वचेत आणि पायांत साठलेलं असतं, चक्कर येते. पाच मिनिटं हळू चाला, मग बसा. वारा असेल तर ओला शर्ट बदला.

कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला तर उष्माघात समजा. मदत बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका : सावलीत आडवं करून सर्वांगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करणं, मग हलवणं.

उन्हाची सवय नसेल तर आधी १०-१४ दिवस रोज तासभर उन्हात चाला. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं.