पॅच मारला, पण पासवर्ड बदलले का?

काल सांगलीत विश्रामबागला एका क्लायंटकडे गेलेलो, त्यांचा व्हीपीएनचा डबा (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचं यंत्र) बघून पोटात गोळाच आला, कित्येक महिने अपडेट नाही आणि लॉगिन पेज इंटरनेटवर उघडं! २०१९ चं पल्स सिक्युअर या व्हीपीएन कंपनीचं प्रकरण आठवा, त्या त्रुटीचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१९-११५१०, लॉगिन न करता नुसती यूआरएल, म्हणजे वेब पत्ता, मुद्दाम बदलून पाठवली की आतल्या फाइल्स वाचता यायच्या, त्यात लोकांचे पासवर्डसुद्धा, गंभीरता १० पैकी १०. पॅच, म्हणजे ती त्रुटी बुजवणारा अपडेट, एप्रिल २०१९ लाच आलेला. पण ज्यांनी उशिरा पॅच मारला आणि पासवर्ड तेच ठेवले, त्यांच्याकडे चोर जुन्याच पासवर्डने परत आत. कुलूप दुरुस्त, किल्ली चोराकडे!

मालक म्हणाले उद्या करूया की ओ. मी म्हटलं नाही साहेब, आत्ताच. अपडेट केलं, सगळे सेशन (चालू लॉगिन) तोडले, सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले, निघायला रात्रीचे साडेअकरा झाले.