खड्डा नेमका कुणाचा?

स्वतः जुळवलेले दोन स्पीकर वाजायला लागले आणि मी खूश झालो. पण डावीकडून गाणाऱ्याचा आवाज किंचित मागे सरल्यासारखा यायचा. नुसत्या कानावर भरवसा ठेवायला नको, म्हणून मोजायचं ठरवलं. मापनाचा यूएसबी माईक आणला, 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात माईकची कॅलिब्रेशन फाइल (माईकच्या स्वतःच्या चुका वजा करणारी) भरली, पंखा बंद केला आणि २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर वाजवला.

कोणता सूर किती जोरात वाजला, त्याच्या आलेखात १६० हर्ट्झपाशी सहाएक डेसिबलचा खड्डा! क्रॉसओव्हरच, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किटच, चुकलं म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता. पण खड्डा दोन्ही स्पीकरना होता, तोही त्याच जागी. माईक एक मीटरवरून अर्ध्यावर आणला, तर खड्डा १२५च्या आसपास सरकला. स्पीकरचा दोष माईकच्या मागे असा फिरत नाही. कागदावर आकडे मांडले: स्पीकर आणि माईक जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर, मधे एक मीटर. जमिनीवर आपटून येणारा आवाज १.०६ मीटर जास्त चालतो. १६० हर्ट्झच्या लहरीची ही जवळपास अर्धी लांबी. म्हणजे तिथे दोन्ही आवाज एकमेकांना कापणार. दोषी निघाली फरशी.

मग छत आणि जमिनीच्या बरोबर मधे, दीड मीटरवर स्पीकर चढवला, भिंतींपासूनही लांब. आता पहिला परावर्तित आवाज ६.३ मिलिसेकंद उशिरा येत होता. मोजलेल्या आवाजाचा त्याआधीचाच तुकडा कापून घेतला. आलेख कसा गुळगुळीत! ही खुशी मात्र फसवी. एवढ्याशा तुकड्यात १६० हर्ट्झच्या खालचं काही कळत नाही आणि वरचे बारकावेही पुसले जातात. खालच्या सुरांसाठी माईक वूफरच्या मध्याला जवळजवळ टेकवून मोजलं आणि दोन्ही आलेख ३००पाशी सांधले. त्यांची पातळी जुळवता जुळवता संध्याकाळ गेली.

हे सगळं झाल्यावर डाव्या स्पीकरचा एक खोल खड्डा उरलाच, अडीच किलोहर्ट्झपाशी. माईक पुढेमागे केला, ढिम्म हलेना. उजव्यात त्याचा पत्ता नाही. उघडून पाहिलं तर ट्वीटरच्या तारा उलट्या जोडलेल्या. म्हणून वूफर आणि ट्वीटर जिथे एकत्र वाजतात, तिथेच एकमेकांना कापत होते. कुणी जोडल्या होत्या, ते घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.